मामंजींचे दृष्टान्त

नागाव, मार्गशीर्ष व. २, १९३३

रेवसच्या बोटीनं माहेरून दादाचं पुडकं आलं. दोन पुस्तकं. एक मामंजींसाठी, आत्मोन्नतीचं. दुसरी कादंबरी, माझ्यासाठी. ती तांदळाच्या कणगीत. सासऱ्यांच्या मते कादंबऱ्या हा रिकामटेकड्यांचा उद्योग. कारकुनी संपली नि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हापासून दुपारी ओटीवर मीच त्यांना वाचून दाखवते. पत्रंसुद्धा.

मार्गशीर्ष व. ५

आत्मोन्नती, पानं आठ. लेखक म्हणतो, पहाटे चारला उठून स्वतःविषयी चिंतन करावं. चारला मी उठतेच. पण चूल कोण पेटवणार? 'थोडं करा, पण रोज करा' हे मात्र पटलं. रात्री कादंबरी उघडली. बापलेकाचं भांडण, मुलगा घर सोडून जातो. मिटवेना.

मार्गशीर्ष व. ९

आज चौथ्याच पानाला मामंजी पेंगले. मग चिडून म्हणाले, "नुसता उपदेश. एखादा दृष्टान्त नाही का त्यात?"

काय अवदसा आठवली कोण जाणे. म्हटलं, आहे ना, पुढच्याच पानावर. आणि कादंबरीतल्या बापलेकाची गोष्ट तोंडानंच सांगत सुटले. मामंजी टक्क जागे!

पौष शु. ४

आता कादंबरीच घेऊन बसते. उपदेशाचं एक पान, दृष्टान्ताची दहा. मामंजी म्हणतात, लेखक अनुभवी आहे. अंगणात सुपारी सोलणारी ठकी तर उपदेश सुरू झाला की कुरकुरते. "वैनी, त्या म्हाताऱ्याचं वाचा. पोर आला का न्हाय त्याचा?" मामंजी हसले. कितीतरी दिवसांनी.

दादाला लिहिलं, असली आणखी पाठव. कसली ते त्याला कळेल.

पौष व. १

कादंबरीतला म्हातारा रोज दाराशी बसून वाट बघतो, ते प्रकरण वाचलं. मामंजी उठून बसले. मग म्हणाले, पत्राचं पाकीट आण.

आमचे धाकटे भाऊजी, वसंता, चार वर्षांपूर्वी नाटक मंडळीत गेले. तेव्हापासून घरात त्यांचं नाव काढायची सोय नाही. त्यांना पत्र! 'आईच्या श्राद्धाला ये.' एवढंच. वर मला म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला उतारवयात शहाणपण सुचलं, मला का सुचू नये?"

त्यांना वाटतं तो खरा माणूस आहे, खऱ्या अनुभवाचा. आनंदानं रडू आलं आणि भीतीही वाटली. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

पौष व. १२

मोतीबिंदू पिकला. इकडची स्वारी मामंजींना घेऊन मुंबईला गेली. भाऊजींचं उत्तर आलं. येतो म्हणतात! कादंबरीचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय. मामंजींसाठी ठेवलंय. जीव कासावीस झाला तरी उघडलं नाही.

माघ शु. १५

मामंजी आले. डोळ्यांवर हिरवी पट्टी, दोन महिने वाचायचं नाही. पण कळी खुललेली. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त हेडमास्तर होते, त्यांना आठवडाभर दृष्टान्त ऐकवला म्हणे. त्या आत्मोन्नतीच्या पुस्तकाचं नावही दिलं. मला घेरी यायची राहिली.

माघ व. ६

हेडमास्तरांचं पत्र. ओटीवर वाचायला घेतलं. प्रकृतीची विचारपूस, हवापाणी. मग, आपण सांगितलेलं पुस्तक मुद्दाम आणवलं, दोनदा चाळलं, त्यात म्हातारा नाही नि मुलगाही नाही, कृपया पृष्ठांक कळवावा.

मी थांबले. मामंजी म्हणाले, वाच की.

गाळता आलं असतं. पानं बदलायचा सराव झालाय मला. भाऊजी परवा यायचे, तोवर तरी. पण मामंजी समोर मान उंच करून बसलेले, डोळे बांधलेले, सगळा भरवसा माझ्यावर. होतं तसं वाचलं. मग कणगीपासून सगळं सांगितलं.

"म्हणजे तो म्हातारा कुठंच नव्हता?"

"नाही मामंजी. कुणीतरी लिहिलेला."

"आणि त्याच्या नादानं मी पत्र घातलं."

रागानं म्हणाले की कसे, कळलं नाही. भिंत चाचपत आत गेले. धरायला गेले तर हात सोडवून घेतला.

माघ व. ७

दुपारी हाक आली नाही. ठकीला घरी पाठवलं. 'इकडून' विचारणं झालं, काय बिनसलंय? काय सांगू.

दिवसभर एकच विचार. शहाणपण आलं ते कुठल्या पुस्तकातून? खोट्या माणसाचं ऐकून खरं पत्र लिहिलं, तर ते पत्र खोटं ठरतं का? मला नाही वाटत. पण माझ्या वाटण्याला काय किंमत, फसवलं तर मीच.

उद्या भाऊजींची बोट. रेवसला गाडी पाठवायची की नाही, मामंजी काही बोललेले नाहीत. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आले.

कादंबरी मांडीवर आहे. मुलगा आला की नाही, बाप उठला की नाही, सगळं त्या शेवटच्या प्रकरणात. एकटीनं वाचवत नाही.