एकदाच निवडलेल्या मिरच्या

आई, यंदाची वर्षाची चटणी मी एकटीने केली. मिरच्या एकदाच निवडल्या. तुला त्यात काय विशेष वाटणार म्हणा. तू गप्पा मारत, न बघता देठं खुडायचीस.

ती सकाळ मला अजून दिसते. मी सतरा वर्षांची, गच्चीत मिरच्यांच्या ढिगासमोर बसलेय. आदल्या दिवशी तिथे एक बाटली फुटली होती. काच तू झाडून नेलीस, पण एखादी कणी मिरच्यांत उडाली असेल, डंकावर चटणीत कुटली जाईल आणि तुझ्या पोटात जाईल, हे माझ्या डोक्यातून हलत नव्हतं. देठं कधीच काढून झाली होती, तरी मी एकेक मिरची तिसऱ्यांदा उलटसुलट करत होते. डंकावरचा आपला नंबर गेला. तू वर आलीस आणि शेजारणींसमोर म्हणालीस, "कॉन्व्हेंटात घातली ती मिरच्या वाचायला व्हय गं? आळशी हाय नुसती." बायका हसल्या. काचेचं मी बोलले नाही. बोलले असते तर येडी ठरले असते. त्यापेक्षा आळशी बरं.

पण राग अजून आहे. आळशी माणूस तीन तास उन्हात बसतो का? पुढे शाहूपुरीतल्या ऑफिसात साहेब मला काटेकोर म्हणायचे. एक पत्र चारदा तपासताना बाकीची पडून राहायची आणि ती उरकायला मी रोज सगळ्यांच्या मागे थांबायचे, हे त्यांना कधी दिसलं नाही. निवृत्तीनंतर मनोविकारांच्या एका डॉक्टरीणबाईंनी या दुखण्याचं नाव सांगितलं, ओसीडी. म्हणाल्या, "काम झालंय हे तुम्हाला कळतं. तिथून मन सोडवून पुढच्या कामाला लावायचं, तिथे गाडी अडते." साठी उलटल्यावर कुणीतरी मला नीट समजावून सांगितलं. मग दोन वर्षं सराव केला. एकदा बघायचं आणि उठायचं. छातीत धडधडलं तर धडधडू द्यायचं.

यंदा तशीच उठले. पिशवी बांधली आणि डंकावर पहिला नंबर माझा. एक बरणी जयसिंगपूरला धाकटीकडे पाठवली. तिचा फोन आला, "आक्का, आईच्या हातची झालीया की. पोरांनी भाकरीसंगं निम्मी संपवली." माझी मान ताठ झाली, ती अजून ताठच आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. फोन ठेवण्याआधी मी तिला विचारलंच, "दाताखाली काही आलं नाही ना?" मनाची खात्री करून घ्यायला असं कुणाला विचारायचं नाही, ही डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद. त्यांना मी हे सांगितलेलं नाही. पण एकदाच विचारलं, आई.