पाचरीवरचा हात

कील, ६ मे १९०९

आज चिमण्या गेल्या! म्हणजे आहेत त्या – खिडकीत बसून चोची उघडताहेत, मिटताहेत – पण आवाज नाही. गेशेनं, माझ्या बायकोनं, पाव कापला, सुरी फळीवर आपटली, तीही मुकीच. सगळं घर पाण्याखाली गेल्यासारखं. घाबरायला हवं होतं. खरं सांगू? छान वाटलं.

९ मे

जहाजावर. तोफेची पाचर पुसली, तेल दिलं. दांडा फिरवला की ती पोलादी पाचर आडवी सरकते, तोफेचं मागचं तोंड उघडतं. उलटा फिरवला की बंद. एवढंच माझं काम – उघडायचं नि मिटायचं. पूर्वी तिचं सरकणं कानानं ऐकायचो. आता तळहातानं. दुधावरची साय सरकावी तशी सरकते.

इंगवर म्हणाला, "अरे ब्रोडर, किती कुरवाळशील! गेशेला कळलं तर तोफेच्या झिंज्या उपटेल." इंगवर आमचा तोफप्रमुख, नेम तोच धरतो. माझ्याच बेटावरचा. कान मंदावत गेले तशी ओठ वाचायची सवय लागलीय; त्याचं सगळं बोलणं कळलं. हसलो.

१४ मे

गेशे रागावली. "भिंतीशी बोलतेय का मी?" मागून काहीतरी विचारत होती म्हणे. म्हटलं, विचारात होतो. कसला विचार! तरी जेवताना धुरावलेले मासे सगळे माझ्याकडे सरकवले, स्वतः कोरडा पाव खाल्ला.

सांगायला हवं तिला. पण सांगितलं की डॉक्टर आला, मग किनाऱ्यावर दोरखंडांच्या कोठीत बदली. पाचर दुसऱ्या कुणाच्या हातात! नको.

१५ मे

धुकं. बंदर दिसत नाही, ऐकूही येत नाही. दोन्ही सारखंच मऊ.

२१ मे

आज मेलो असतो. आमच्या तोफेच्या कोठडीतले सगळेच.

भर समुद्रात सराव. इंगवर दुर्बिणीला डोळा लावून, मी दांड्यावर, बाकीचे मागे काडतुसं घेऊन उभे. इंगवरनं कळ ओढली, त्याच क्षणी शेजारच्या तोफा उडाल्या. पायाखालचं लोखंड थरथरलं. धूर आत आला. इंगवरनं हात उंचावून खूण केली – उघड!

माझा हात पुढे गेला – नि थांबला. बार उडाला की तोफ मागे येते, तिचा हिसका माझ्या खांद्यापर्यंत पोचतो. तो आलाच नव्हता! हादरा शेजारचा. आमचं काडतूस आत तसंच. धुमसत असेल नि मी पाचर उघडली, तर सगळी आग आमच्याच तोंडावर.

"उघड!" इंगवरचं तोंड लालबुंद. "बहिरा झालास काय?"

मी नाही म्हणून मान हलवली. दांडा सोडला नाही. तो मला खेचायला धावला –

आणि तोफ मागे आली. मला उचलून भिंतीवर फेकलं तिनं. पडल्या पडल्या धूर बघत होतो, हळूहळू वर जाणारा. बर्फ उलटा पडावा तसा.

२३ मे

गळ्याजवळचं हाड मोडलंय. घरीच पडून. साहेब येऊन गेले. "एवढ्या गोंगाटात आपला बार उडाला नाही, हे ऐकलंत! काय कान आहेत हो तुमचे!" मी हो म्हटलं.

ते गेल्यावर गेशेनं माझ्या दोन्ही कानांवर हात ठेवले. ओठ सावकाश हलवले – "कधीपासून?"

मी रडलो. ती नाही.

डॉक्टरकडे जायचं ठरलं. यावेळी हातानं वाचवलं. उद्या कुणी मागून "थांब" ओरडेल नि मी उघडीन! पाचरीला शेवटचा हात लावून झालाय, एवढंच मनात येतं. झोपेत तळहात आपोआप मिटतो म्हणे, गेशे सांगते.

२५ मे

इंगवर भेटायला आला. अंगणातल्या बाकावर खाडीकडे तोंड करून बसला होता, शिडाच्या होड्या बघत. आधी त्यालाच सांगावं म्हणून मागून गेलो. हाक मारली. हल्ली माझा आवाज मलाच कळत नाही, म्हणून पुन्हा मारली, हाड ठणकेपर्यंत जोरात – "इंगवर!"

गेशे पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. शेजारणीनं खिडकी उघडली.

त्यानं मान वळवली नाही.