बारावं नाव

गोडदेव, भाईंदर (पूर्व)
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय फ्लेव्हिया,

कशी आहेस? इकडे सगळे मजेत. आईने तुझ्यासाठी लिंबाचं लोणचं भरून ठेवलंय आणि तू कधी येणार म्हणून रोज विचारते. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

आपलं भरती-ओहोटीचं ॲप नव्या साइटवर नीट चालतंय. कोड ठेवायच्या जुन्या साइटने नियम बदलले, तेव्हा सगळा कोड मीच एका रविवारी हलवला. तो वाचायला सगळ्या जगाला खुला आहे, पण त्यात बदल करायची परवानगी प्रत्येकाला नव्याने द्यावी लागते. आपण बारा जण. तुझं आमंत्रण स्पॅममध्ये गेलं असेल, असं मी तुला म्हटलं होतं.

गेलं नव्हतं. मी पाठवलंच नव्हतं.

मच्छीमार सोसायटीतला तो सत्कार आठवतो? तीन वर्षं मी ऑफिसातून आल्यावर हे ॲप लिहीत होते. तू शेवटच्या दोन महिन्यांत आलीस, त्याला उत्तनच्या बोलीतला आवाज दिलास, आणि शाल तुझ्या खांद्यावर! मला एका बाईंनी विचारलं, "तुमी फ्लेव्हियाच्या मैत्रीण ना?" मी हसून हो म्हटलं. जळले गं, अगदी मनापासून जळले. घरी येऊन जेवलेही नाही. तुझा आवाज काढून टाकावा असं वाटलं, पण तो खरंच छान आहे, आणि त्याचाच जास्त राग आला.

म्हणून यादीत अकरा नावं भरली आणि थांबले.

धक्क्यापाशी गाळ साचल्यामुळे होड्यांना पाणी अर्धा तास उशिरा मिळतं, ही तुझी दुरुस्ती तशीच अडकून पडली. जुनी साइट बंद, नवीवर तुला प्रवेश नाही. तू तीनदा विचारलंस, मी तीनदा "बघते" म्हटलं. आणि मंगळवारी नेमकी तुझ्या डॅडींचीच होडी रुतली. जेरोम अंकल फोनवर एवढंच म्हणाले, "पोरी, तुजा टाइम बराबर न्हाय." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दुरुस्ती मी त्याच संध्याकाळी घातली, तुझ्या नावाने. आज सकाळी ॲपची मालकी तुझ्याकडे दिली आणि यादीतून माझं नाव काढलं. मला आत घ्यावं अशी विनंती पाठवली आहे. ती मंजूर करायची की नाही, हे आता फक्त तूच ठरवू शकतेस. मी दर दहा मिनिटांनी बघतेय. तुझ्यावर अजूनही जळते, हेही आधीच सांगून ठेवते.

सध्या बाहेरची,
क्षितिजा