पेट्रोल आणायला लागणारं पेट्रोल

चि. राजवर्धन यास,

गावाहून (गाव म्हणजे सध्या जेवढं पाण्याबाहेर आहे तेवढं) तुझ्या गणपतकाकाचे आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तुझी, सूनबाईंची आणि पोरांची तब्येत चांगली असेल, कोल्हापुरात तुमच्या घरी पाणी येत असेल आणि ते नळातूनच येत असेल, अशी आशा करतो. आमच्याकडे ते चारी बाजूंनी येतं. वीज नाही, फोन मेलेत, म्हणून हे पत्र. दुधाच्या पिशवीत घालून, वर दोरा बांधून सम्राटच्या होडीतून पाठवतो आहे. दूध संस्थेचा सेक्रेटरी म्हणून जन्मभर अहवाल लिहिले, त्यामुळे मला थोडक्यात लिहिता येत नाही. वाचून घे.

तुझ्या आईचं आधी सांगतो, नाहीतर तू मधला मजकूर सोडून शेवटाकडे उडी मारशील. वहिनी आहेत. त्यांचं ते ऑक्सिजनचं मशीन मंडळाच्या जनरेटरवर चालू आहे. गणपतीत ज्याच्या जिवावर अख्खं गाव नाचतं, तोच जनरेटर आता आपल्या सोप्यात बसून तुझ्या आईला श्वास पुरवतो. तो चालू असला की वहिनी मला बोल लावतात. मी कोरडा टॉवेल कुठं ठेवला, म्हशीला वैरण कोण घालणार, चहात साखर किती घातली. ऑक्सिजन नीट पोचतोय की नाही हे आम्ही त्यावरूनच ओळखतो. जनरेटर थांबला की त्या गप्प होतात, आणि थोड्या वेळानं त्यांची नखं निळी पडायला लागतात. चाळीस वर्षं मी या बाईनं गप्प बसावं म्हणून देवाला हात जोडले. आता त्या गप्प बसल्या की मी जनरेटर बघायला धावतो.

त्यांना वेळेवर बाहेर का काढलं नाही, असं तू विचारशील. विचारायलाच पाहिजेस. एकोणीस सालच्या पुराचा पट्टा संस्थेच्या भिंतीवर लाल रंगात मारलेला आहे, तुला ठाऊक आहे. यंदा पाणी चढायला लागलं तसं सारं गाव रोज त्या पट्ट्यापाशी जमायचं. पट्टा अजून वर आहे, पाणी खाली आहे, काळजी नाही, असं म्हणत चहा प्यायचं आणि घरी जायचं. सरपंच उदयसिंह तर पट्ट्याला हात लावून बोलायचे, जणू तो त्यांनीच मंजूर करून आणलाय. पाणी आजही पट्ट्याच्या खालीच आहे. पट्टा बिलकूल चुकला नाही. फक्त पट्टा भिंतीवर आहे आणि कुरुंदवाडला जाणारा रस्ता त्याच्या पुष्कळ खाली आहे, हे एवढ्या मोठ्या शहाण्या गावात कुणाच्या ध्यानात आलं नाही. (सेक्रेटरीच्याही नाही. पट्ट्याची उंची अहवालात मीच नोंदवली होती.)

आता पेट्रोलकडे येतो, कारण ते येत नाही. तू कोल्हापुरातून गाडीची टाकी भरून निघतोस. पंपावर डब्यात द्यायला बंदी आहे, चिठ्ठी आणा म्हणतात, आणि चिठ्ठी देणारं कार्यालयच पाण्यात आहे. म्हणून तू टाकीत घेतोस, हे मला सम्राटनं सांगितलं. सगळे वळसे घालून, रस्ता जिथं पाण्यात शिरतो तिथं येईपर्यंत तुझ्या गाडीनं त्यातलं थोडं प्यायलेलं असतं. मग तू तोंडानं नळी ओढून ते डब्यात काढतोस, त्यात थोडं तुझ्या पोटात जातं. (मळमळलं तर लिंबू चोखत जा.) तो डबा सम्राट होडीत ठेवतो. धार इतकी जोराची आहे की सरळ येता येत नाही. आधी वर चढायचं, मग उसाच्या शेंड्यांवरून आडवं यायचं. त्याचं इंजिन म्हणजे गावजेवणाला बसलेला पैलवान, वाढत राहावं लागतं. शेवटी काठावर सम्राट उतरतो, डबा हलवून दाखवतो आणि खाली मान घालून म्हणतो, "काका, आणायलाच सगळं सपलं की."

यावर ग्रामसभा भरली. सभा देवळाच्या पायरीवर होती, कारण गावात आता सभेपुरती तेवढीच जागा आहे. ठराव झाला की मोठा डबा पाठवावा. मोठा डबा आला. होडी जड झाली, इंजिन जास्त प्यायलं, आणि पूर्वी पोचत होतं त्याहून कमी पोचलं. दुसरा ठराव असा की गावातल्या मोटारसायकली उपसाव्यात. त्या सगळ्या शाळेच्या व्हरांड्यात लावल्या आहेत. पोरांनी आढेवेढे न घेता टाक्या उघडल्या. ज्याची गाडी सगळ्यात भारी, त्याच्या टाकीत नुसता वास निघाला. तरी बाटलीबाटलीनं जमलं आणि वहिनींनी मला दोन दिवस पोटभर बोल लावले. मग कुणीतरी (नाव लिहीत नाही, पण तो सरपंच आहे) उदारपणे आपल्या पांढऱ्या गाडीतलं इंधन जनरेटरमध्ये ओतलं. ते डिझेल होतं. सोप्यात असा काळा धूर झाला की मी वहिनींना कॉटसकट ओढून परड्यात नेलं. तिथं त्या खोकत खोकत हसल्या आणि हसत हसत खोकल्या. त्यात किती हसणं होतं आणि किती खोकला, ते मला कळेना. मी घाबरलो होतो रे. जनरेटर धुऊनपुसून पुन्हा सुरू करेपर्यंत मी त्यांचा हात सोडला नाही.

सरकार काही देत नाही असं मात्र म्हणू नकोस. वरून हेलिकॉप्टर येतं. बिस्किटं पडतात, पाण्याच्या बाटल्या पडतात (चहूकडे पाणी असलेल्या माणसाला पाणी मिळाल्याचा आनंद काय असतो, ते तुला इथं आल्यावरच कळेल), एकदा छत्र्यासुद्धा पडल्या. पेट्रोल तेवढं वरून टाकत नाहीत, ते पेट घेतं म्हणे. दूधही उदंड आहे. डेअरीची गाडी नाही, म्हशी आटायला तयार नाहीत, त्यामुळे लोक दुधानं चुळा भरतात. आपली चंद्री संस्थेच्या गच्चीवर आहे. जिना चढताना तिनं खळखळ केली नाही, आता उतरायला तयार नाही. वहिनी मला रोज विचारतात, चंद्री खाली आली का. मी सांगतो, तिला वरची हवा मानवली आहे.

आता खरी गोष्ट. सम्राटच्या होडीतून वहिनींना बाहेर काढता येत नाही. होडी लहान, वाट लांब, आणि एवढा वेळ मशीनशिवाय त्या राहणार नाहीत. म्हणून सरपंचांनी (डिझेलची भरपाई म्हणून समज) कुठून कुठून निरोप धाडले आणि एक दिवस जवानांची मोठी रबरी होडी आली. त्यांच्याजवळ ऑक्सिजनचं नळकांडं होतं. वहिनी इरकल नेसून तयार झाल्या, डोक्यावर पदर, हातात पिशवी. सगळं जुळून आलं होतं. आणि त्यांनी त्या जवानांच्या हातांकडे बघितलं. पाण्यात राहून पांढरेफटक पडलेले, सुरकुतलेले हात. विचारलं, जेवलासा का? त्यातल्या एकालाच थोडी मराठी येत होती. तो म्हणाला, सकाळपासून नाही.

झालं. तुझी आई खुर्चीतून उठेना. "पावणं दारातनं उपाशी जात्यात व्हय? खाऊन घ्या, मग न्या मला कुठं न्यायाचं ते." मी हातापाया पडलो. सरपंच हातापाया पडले. जवानांनी घड्याळ दाखवलं. वहिनींनी नळी नाकात तशीच ठेवून मला कोंबडा कापायला लावला, मसाला वाटायला लावला, आणि वाटण जाड राहिलं म्हणून पाहुण्यांसमोर माझी अब्रू काढली. जवान पंगतीला बसले. तांबड्या रश्श्याच्या पहिल्या घोटाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं (पूर कमी होता म्हणून), पण त्यांनी मागून घेऊन खाल्लं. वहिनींच्या तोंडावर असं समाधान मी तुझ्या लग्नानंतर बघितलं नव्हतं. तेवढ्यात त्यांचा वायरलेस वाजला. पलीकडच्या वस्तीत छपरावर बायका आणि लेकरं अडकली होती आणि छप्पर खचत होतं. जवान उष्ट्या हातांनी उठले. तो मराठीवाला वहिनींच्या पाया पडला, परत येतो म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "जावा, आधी लेकरं काढा." ते लेकरं काढायला गेले आणि त्याच संध्याकाळी धरणातून पाणी सुटलं. तेव्हापासून नदीच्या वळणावरून एकही मोठी होडी इकडे येऊ शकलेली नाही. मला राग येतो. जवानांचा नाही, पाण्याचा नाही. मी वाटलेल्या त्या मसाल्याचा येतो.

तेव्हा पुतण्या, पेट्रोल पाठव. लहान डबा, पण रोज. होडीच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइलही पाठव. तुझ्या गाडीत पाठव, मित्रांच्या गाड्यांत पाठव, लागलं तर सासऱ्यांची टाकी उपस, पण पाठव.

तुझा,
गणपतकाका

ता. क. : पत्र पिशवीत घातलं, पण सम्राटला काल निघताच आलं नाही, धार फार आहे. आता तो म्हणतो, परत येताना होडीला एकच ओझं झेपेल. डबा नाहीतर माणूस. मी सांगितलं, डबा. वहिनींनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, राजूला आण. मी म्हटलं, राजूवर जनरेटर चालत नाही. त्या म्हणाल्या, तुला काय कळतंय, लिही. काका म्हणून मी सांगतो, पेट्रोल पाठव. आई काय म्हणते तेही मला लिहावं लागलं.

ता. क. : बाळा, वहिनी आज सकाळी गेल्या. मशीन चालू होतं आणि जनरेटरमध्ये पेट्रोलही होतं, तेव्हा पेट्रोल कमी पडलं अशी बोच मनाला लावून घेऊ नकोस. तू नळीनं ओढलेलंच ते होतं. चंद्री खाली आली का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आली. मग त्या काही बोलल्या नाहीत. मी जनरेटर बघितला, तो चालू होता. तेव्हा मला कळलं.

डबा आणू नकोस, तू ये. जनरेटरमध्ये उरलेलं सम्राटनं होडीत ओतून घेतलं आहे. तुला आणायला आणि वहिनींना पलीकडच्या माळावर न्यायला तेवढं पुरेल. आपली मसणवाट पाण्याखाली आहे.

ता. क. : एक राहिलंच. सम्राट पहाटेपासून होडी सावरत पाण्यात उभा आहे आणि पोटात काही नाही. आज आपल्या घरात चूल पेटत नाही, तुझ्याही घरात पेटायची नाही. तेव्हा शेजारणीकडून चार भाकऱ्या मागून घे आणि रस्ता पाण्यात शिरतो तिथं त्याला बसवून खाऊ घाल. तो नको म्हणेल, घाई आहे म्हणेल. ऐकू नकोस. तुझ्या आईच्या दारातून उपाशी गेलेला तो पहिलाच माणूस आहे.