चार बोटं

व्हर्लिन,

हे पत्र टपालात टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते.

घटस्फोटात गाडी माझ्याकडे आली तेव्हा तू हसलास. "घे बाई, अंगणात ठेव आणि फुलं लाव तिच्यात."

अडुसष्ट सालची ती कॅमेरो गाडी शर्यतीसाठी तयार करण्यात आपले नऊ हिवाळे गेले. मागची सीट, गालिचे, हीटर मी काढून टाकले. गाडी उलटली तरी चालक वाचावा म्हणून आत बसवतात त्या लोखंडी पिंजऱ्याचे सांधे मी वेल्ड केले. "पुढच्या मोसमात तूही चालव, लॉर्नी," असं तू दर वर्षी म्हणायचास. पण चालकाची सीट तुझ्या लांब पायांच्या मापाने बोल्टांनी पक्की बसवली होतीस. माझा पाय ब्रेकला पोहोचायचा नाही. "सरकती सीट शर्यतीआधीच्या तपासणीत नापास होते," तू सांगितलंस आणि मी मानलं.

काल शर्यतीच्या क्लबच्या म्हाताऱ्या तपासनीसाला, ऑर्विलला, सहज विचारलं. तो म्हणाला, "चालते की, पोरी! मागून टेकू दिला की झालं. व्हर्लिनला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं मी."

आज मी नवी भोकं पाडून सीट चार बोटं पुढे घेतली. पाय ब्रेकवर अलगद टेकला. नऊ वर्षं तू मला एवढ्याच अंतरावर ठेवलं होतंस.

लॉर्ना