पुठ्ठ्याच्या घराची वास्तुशांती

मु. जऊळका,
फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८९७

तीर्थरूप जगदेवभाऊस,

तुझ्या धाकट्या अंजनाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वहिनींचे गुडघे कसे आहेत? एरंडाचं तेल लावत असतील तर चोळून लावायला सांग, नुसतं चोपडून उपयोग नाही, वायाच जातं. आमच्याकडे गजाननाच्या कृपेने सगळे खुशाल. सासूबाईंचे डोळे तेवढे धुराने सारखे पाणावलेले असतात. आमची चूल तुला ठाऊकच आहे, भरदुपारी कंदील घेऊन भाजी शिजली का पाहावं लागतं.

तू अकोल्याहून पाठवलेलं पुठ्ठ्याचं घर पोचलं. तुमच्या इंजिनीयर साहेबांच्या हापिसात म्हणे घर आधी पुठ्ठ्याचं करतात, काय चुका करायच्या त्या त्यातच करून घेतात, आणि मग विटांना हात लावतात. ही रीत मला फार पटली. (पुठ्ठा चुकला तर कात्री लागते, भिंत चुकली तर जन्म जातो.) यांनी ते गाडीत सबंध रस्ता मांडीवर धरून आणलं, बाजूच्याला टेकू दिलं नाही. स्टेशनावर उतरल्यावर एका म्हातारीला तो देव्हाराच वाटला. तिने चपला काढल्या, तांदळाचे चार दाणे वाहिले आणि डोळे मिटून हात जोडले. यांना तिचं मन मोडवेना. घरी येऊन पाहतो तर दाणे पुठ्ठ्याच्या न्हाणीत पडलेले.

तुझ्या चिठीत होतं की इंचाला दोन फूट धरा आणि घरात फिरून पाहा. आता पुठ्ठ्यात फिरायचं कसं? मी भाकरीच्या उरल्या पिठाची माणसं केली, त्याच मापाची. हे, मी, सासूबाई आणि म्हैस. सासूबाईंनी स्वतःला हातात घेऊन निरखलं आणि म्हणाल्या, "मी एवढी बारकी हाये काय वं? लाव अजून थोडं पीठ." लावलं. मग यांनी म्हैस पुढच्या दारातून आत घातली आणि बाजूच्या बोळातून परसात न्यायला लागले, तर ती मधेच अडकली. पुढे जाईना, मागे येईना, शिंग मोडलं. "तुया भावानं म्हशीले इचारलंच नाही," म्हणून हे पोट धरून हसले आणि कात्रीने बोळ रुंद केला. तेव्हा मला तुझ्या विद्येचं खरं मोल कळलं. खरी म्हैस अशी अडकली असती तर भिवाजी मिस्त्रीने भिंत पाडून पुन्हा बांधायची वेगळी मजुरी लावली असती.

मग मी पिठाच्या अंजनाला स्वैपाकघरात नेऊन चुलीपुढे बसवलं आणि जमिनीला गाल टेकवून तिच्या नजरेने पाहिलं. भाऊ, राग मानू नकोस. तू खिडकी ठेवलीस, पण ती अकोल्याच्या बायांची ठेवलीस. तुमच्याकडे ओट्यापुढे उभ्याने स्वैपाक चालतो. आम्ही चुलीपुढे बसतो. बसलेल्या बाईला त्या खिडकीतून आभाळाचा एक तुकडा दिसतो, बस्स. अंगण नाही, तुळस नाही, दारात कोण आलं ते नाही. आणि धूर काय, बाईच्या तोंडावरून फिरूनच वर जाणार. जुनं घर पाडून नवं बांधायचं आणि अंधार तेवढा उचलून नव्यात न्यायचा, असं होणार होतं. मी ठरवलं, सकाळी उठून खाली बसल्या नजरेला खिडकी कापायची.

पण सकाळी सासूबाई माझ्याआधी उठल्या. पाहतात तर घरात माणसं नांदताहेत, म्हैस बांधलेली आहे आणि वास्तुशांती नाही! "माणसं राह्यले गेली अन् पूजा नाही? बेवारशी घर हाये काय हे?" म्हणाल्या आणि गुरुजींना बोलावणं धाडलं. गुरुजी आधी हसले, मग नारळ दिसल्यावर गंभीर झाले. कलश मांडला, दूध उतू घालवलं (वाटीतच, मी लक्ष ठेवून होते), दाराला आंब्याचं एक पान लावलं तर पुढची भिंत सगळी झाकली गेली. शेजारच्या सोनीबाईंनी खणसुद्धा आणला. तो मी खऱ्या वास्तुशांतीला धरायचा असं तिथल्या तिथे ठरवून घेतलं.

दुपारी मी कात्री घेऊन बसले, तर सासूबाई कडाडल्या, "काहून वं, पूजा झालेल्या घराची भिंत फोडून राह्यली काय?" हे म्हणाले, माय, पुठ्ठा आहे तो. त्या म्हणाल्या, मग नारळ कायले फोडला? गुरुजींना विचारलं, तर तेही म्हणाले की वास्तू नांदती झाली, आता फोडतोड नको. आणि भिवाजी मिस्त्री तर सांगून बसलेला, "पुठ्ठ्यात जे दिसन, तेच मी इटांत उभं करीन." म्हणजे चुका करण्यासाठी म्हणून आणलेलं घर, त्यातल्या चुकांसकट पवित्र झालं. मी रात्री देवापुढे बसले आणि म्हटलं, गणराया, अंधारात भाकरी थापणं तुला पसंत असेल तर मलाही पसंत आहे. पण एकदा विचार कर.

आणि भाऊ, त्याने विचार केला! काल सकाळी पाहते तर उंदराने स्वैपाकघराची भिंत कुरतडलेली. भोक बरोब्बर चुलीसमोर, बसल्या नजरेला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला, मग तोच हात जोडला. म्हणाल्या, गणपतीच्या वाहनाने दाखवलं तिथेच खिडकी होईल, कोणी आडवं बोलायचं नाही. हे बोलणार होते, पण मी त्यांना चहा दिला.

अखेर देवाच्या मनात असतं तेच होतं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
अंजना

ता. क. मिस्त्री अक्षय तृतीयेला पायाला हात घालणार आहे. त्याआधी नकाशात ही खिडकी उंदराने खाल्ली तिथेच काढून पाठव. आपल्या अकलेने वर सरकवू नकोस.

ता. क. दुसरा. हे वहिनींना वाचून दाखवू नकोस. उंदीर पुठ्ठा असाच खात नाही. भिंतीला मी गुळाचं पाणी लावलं होतं. देवाला सांगून लावलं, म्हणून मी ते पाप धरत नाही.

ता. क. तिसरा. पत्र चिकटवायच्या आधी घर पुन्हा पाहिलं. माझा गूळ जसाच्या तसा आहे. (पाणी जास्त घातलं होतं, उंदराला रुचलं नसावं. मुंग्यासुद्धा आल्या नाहीत.) भोक पडलंय ते त्याच्या बोटभर अलीकडे, आणि भोकाच्या कडेचा पुठ्ठा तुपाने पारदर्शक झालाय. उठून तुपाची बरणी उघडली. मी तूप चमच्याने काढते, भाऊ. त्यात बोटाचा खड्डा आहे. आणि पिठाच्या सासूबाई बैठकीतून उठून चुलीपाशी, माझ्या शेजारी येऊन बसल्या आहेत.

मी बरणीचं झाकण लावलं. तू खिडकी जरा रुंद काढ, दोघी बसू एवढी.