वाटाण्याची किल्ली

३ फेब्रुवारी

सहा महिने!

'सहा महिने गाडीला हात लावायचा नाही. पुन्हा फिट आली नाही, तर बघू.' मी विचारलं, अगदी जवळच्या जवळ? डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. झालं, संपलं.

आयुष्यात एकदाच आली, तीही ओट्याशी. हातात चहाची गाळणी होती एवढं आठवतं, मग एकदम हॉस्पिटलचं छत. उशाशी सासूबाई. एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्यात माझी.

घरी आल्यावर किल्ली खुंटीला लावली. लावताना रडू आलं. सासूबाईंनी पाहिलं आणि स्वतः उठून चहा टाकला. हे नवलच!

८ फेब्रुवारी

बस. मग दुसरी बस. मग पायपीट. खांद्याला पिशवी, तिच्यात वजनं, रबरी पट्टे, शेक द्यायचं यंत्र. घरोघरी जाऊन लोकांचे सांधे हलते करायचे हा माझा व्यवसाय. आज माझेच सांधे बोलायला लागले. एरवी सहा पेशंट होतात, आज जेमतेम तीन. गुडघेवाले आजोबा वाट बघून झोपून गेलेले. खांदेवाल्या बाईंनी तोंड वाकडं केलं. (मला पेशंटची नावं लक्षात राहत नाहीत, सांधे राहतात.)

आणि वाटाणा खाली तळघरात नुसता उभा. हिरवा, गोल, चार माणसं कशीबशी मावतील एवढा. माझ्या कमाईचा! लिटरला तेवीस देतो. देतो म्हणजे काय, मी काढते. सिग्नलला इंजिन बंद, उगाच ब्रेक नाही, उगाच पळवणं नाही. नवरा म्हणतो, 'तू गाडी चालवत नाहीस, तिचं पथ्य सांभाळतेस.' म्हणू दे. त्याला स्वतःला चालवता येत नाही. बाहेरगावची नोकरी, महिन्याच्या शेवटी दोन दिवस पाहुण्यासारखा येतो आणि उपदेश करून जातो.

सासूबाई वाटाण्याला डबा म्हणतात. 'त्या डब्यात बसलं की गुडघे हनुवटीला लागतात बाई!' पाच फूटसुद्धा नाहीत त्या. कुठून लागणार?

१७ फेब्रुवारी

सासूबाईंनी चक्क कॅनव्हासचे बूट आणले. रोज सकाळी फिरायला जाणार म्हणे. सासरे गेल्यापासून खिडकीजवळची खुर्ची सोडली नव्हती या बाईंनी. मी तोंड भरून कौतुक केलं, तर म्हणतात, 'त्यात काय एवढं? बूट आहेत, विमान नाही.'

१ मार्च

नवरा येऊन गेला. 'गाडी विकून टाकू या, गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. नुसती उभी राहून बॅटरी उतरेल, टायर बसतील.'

मी म्हटलं, तूही नुसता बसलेला असतोस, तुला काढलं का मी विकायला?

तो हसला. मी नाही हसले. त्याचं चुकत नाही म्हणून जास्त राग आला. मी तर खाली जाऊन वाटाण्याकडे बघतसुद्धा नाही. बघवतच नाही.

६ मार्च

सासूबाईंची पोटरी धरली. डावी. दाबून दिली, शेकली, ताण कसा द्यायचा ते दाखवलं. पण गंमत बघा — फक्त डावीच! म्हटलं, 'आई, फिरायला जाताना उजवा पाय घरी ठेवून जाता का?'

'अगं, वयाप्रमाणे व्हायचंच,' म्हणाल्या आणि पाय ओढून घेतला. उजवा पायही त्याच वयाचा आहे की!

११ मार्च

सोफ्यावरची निळी उशी सापडत नाही. उशी काय चालत जाते?

१९ मार्च

खांदेवाल्या बाईंनी दुसरी कुणीतरी लावली. 'तू वेळेवर येत नाहीस गं.' मनगटवाल्यांनी तर कळवलंसुद्धा नाही, दार उघडून म्हणाले, 'अरे, आज तुम्ही?' आतून दुसऱ्या बाईचा आवाज येत होता — वर, खाली, वर, खाली. तोंडात मारल्यासारखं झालं. पिशवी परत खांद्याला लावून जिना उतरले.

असंच चाललं तर सहा महिन्यांनी गाडी चालवायला परवानगी मिळेल आणि जायला घर उरणार नाही. मग काय करायचाय वाटाणा? नवऱ्याला फोन करून सांगितलं, आण तुझं गिऱ्हाईक. जेवताना सासूबाईंच्याही कानावर घातलं. त्यांचा घास हातातच राहिला.

२३ मार्च

काय दिवस गेला! क्रमाने लिहिते.

सकाळी गिऱ्हाईक आलं. सडपातळ, उंच, चिकित्सक गृहस्थ. त्यांना घेऊन खाली गेले. पावणेदोन महिन्यांनी वाटाण्यासमोर उभी राहिले. गृहस्थांनी दार उघडलं, बसायला गेले आणि गुडघे थाडकन स्टिअरिंगवर! 'अहो, कोण चालवतं ही? शाळेतलं पोर?' सीट पार पुढे ओढलेली. सीटवर माझी निळी उशी!

बॅटरी उतरली असेल, असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. किल्ली फिरवली तर पहिल्या फटक्यात सुरू. 'उभी आहे म्हणालात ना?' गृहस्थांचा चेहरा संशयाने आंबट झाला. मी काटा पाहिला. पेट्रोल पाव टाकीहून जास्त उडालेलं. आणि किलोमीटर? होते तिथेच!

माझं डोकंच फिरलं. वॉचमनला हाक मारली, नको नको ते बोलले. तो बिचारा टोपी काढून उभा. 'मॅडम, मी शब्द दिलाय. मला नका विचारू, घरी विचारा.'

घरी? घरी कोण आहे?

तेवढ्यात जिन्यावर कॅनव्हासचे बूट वाजले. सासूबाई. धापा टाकत गृहस्थांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'गाडी विकायची नाही. उठा.' ते उठले. सासूबाईंनी त्या आवाजात सांगितल्यावर सासरेसुद्धा उठायचे.

मग दोघी तिथेच गाडीत बसलो. त्या स्टिअरिंगशी, उशीवर. सकाळचं फिरणं म्हणजे ड्रायव्हिंग स्कूल. शिकाऊ लायसन्स हातात आहे. मी बसमध्ये लोंबकळत असते तेव्हा ही बाई रोज खाली येऊन इंजिन सुरू करून क्लचचा सराव करते. दोन फूट पुढे, दोन फूट मागे. म्हणून किलोमीटर वाढत नव्हते. म्हणून डावी पोटरी! आणि मी, एवढी पोटऱ्यांची जाणकार, मुकाट्याने शेकत बसले.

'पण सांगायचं तरी, आई! आणि कशासाठी हे सगळं?'

त्या समोर भिंतीकडेच बघत होत्या. 'तू ओट्याशी पडलीस ना, तेव्हा गाडी खाली उभी होती. किल्ली खुंटीला. आणि मी येड्यासारखी लोकांच्या दारांवर थापा मारत फिरत होते. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी दार उघडेपर्यंत माझा जीव गेला होता, पोरी. परत असं झालं तर मी थापा मारणार नाही.'

मला वाटत होतं, ती फिट फक्त मलाच आली.

खूप रडले. त्यांनी उशीचं टोक पुढे केलं. नाक पुसायला!

वॉचमनची माफी मागितली. उद्या परत मागणार आहे.

१६ एप्रिल

परीक्षेत नापास! गाडी मागे घेताना खांब पाडला. सासूबाईंचं म्हणणं, खांब चुकीच्या जागी होता.

२ मे

पास!! शेजारीपाजारी लायसन्स दाखवून आल्या. फोटोत कुणावर तरी डाफरल्यासारख्या दिसतात.

९ मे

आजपासून सासूबाई माझ्या ड्रायव्हर. देवा! तिसरा गिअर आहे हे त्यांना मान्यच नाही. 'दुसऱ्यात बरी चालतेय की.' इंजिन बोंबलतंय, मागचे हॉर्न मारताहेत, आणि ह्या खिडकीतून हात काढून त्यांनाच 'थांबा जरा!' माझा उजवा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबून दाबून दुखायला लागला. संध्याकाळी ॲव्हरेज पाहिलं. तेरा! तेवीसवरून तेरा! कुणीतरी माझ्या लेकराला उपाशी ठेवून मारतंय असं वाटलं.

पण पाच पेशंट झाले.

२१ जून

खांदेवाल्या बाई परत आल्या. गुडघेवाले आजोबा व्यायामाआधी विचारतात, 'ड्रायव्हरबाई खालीच का? वर बोलवा की.' त्या वर येतात आणि आजोबांना दम देतात. माझ्याने जो गुडघा वाकत नव्हता, तो त्यांच्या धाकाने वाकला.

काळा चष्मा घेतलाय. खिडकीची काच खाली, कोपर बाहेर. काल सिग्नलला शेजारच्या मोठ्या गाडीकडे बघून म्हणाल्या, 'केवढी ही! उभी करायची म्हटली तर फेफे उडेल.' आणि डबा म्हणत नाहीत आता. 'आपला वाटाणा.'

ॲव्हरेज सतरा. सुधारतंय.

३० जुलै

या आठवड्यात डॉक्टर. फिट नाही, चक्कर नाही, काही नाही. हात शिवशिवताहेत नुसते! काल स्वप्नात चौथा गिअर टाकला.

सासूबाईंनी आज वाटाणा आतून बाहेरून पुसला. निळी उशी आणून सोफ्यावर ठेवली. 'तुझी गाडी तुला. मी काय, अडीनडीला.' हसत म्हणाल्या. संध्याकाळी बघते तर खिडकीजवळच्या खुर्चीत. दिवासुद्धा लावला नव्हता.

४ ऑगस्ट

डॉक्टरबाई म्हणाल्या, 'सगळं उत्तम. उद्यापासून खुशाल चालवा.'

खाली आले. सासूबाई स्टिअरिंग घट्ट धरून बसलेल्या. काळा चष्मा काढला. 'काय म्हणाल्या?'

'अजून सहा महिने नको म्हणतात.'

'अरेरे,' म्हणाल्या, आणि लग्गेच पहिला गिअर टाकला. मी पट्टा लावला.